परावर्तक, व्यक्तिचित्रणातील

व्यक्तीचे छायाचित्र घेताना चेहऱ्याच्या छायेतील भागावर प्रकाश वळविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या पांढऱ्या, चंदेरी अथवा आरशासारख्या पृष्ठभागास परावर्तक म्हणतात. तो स्वतः प्रकाश निर्माण करीत नाही; मुख्य प्रकाशाचा काही अंश तो परत पाठवितो. त्यामुळे डोळ्यांभोवतालची, नाकाखालची व हनुवटीखालची छाया उजळते आणि बुबुळात प्रकाशबिंदू उमटून नजर सजीव भासते. गुळगुळीत चंदेरी पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश तीव्र व एका दिशेचा असतो; पांढऱ्या कापडावरून तो विखुरला जाऊन मृदू होतो. परावर्तक दूर नेल्यास परिणाम झपाट्याने घटतो. छाया समूळ नाहीशी केल्यास चेहरा सपाट दिसतो. म्हणून तीतील तपशील दिसेल इतकाच प्रकाश देणे इष्ट असते.

इतिहास : छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला, तेव्हा उद्भासन काल फार दीर्घ असे. अलेक्झांडर वुलकॉट याने १८४० मध्ये न्यूयॉर्क येथे व्यक्तिचित्रांचा स्टुडिओ उघडला आणि खिडकीबाहेरील आरशांनी सूर्यप्रकाश आत वळवून तो निळ्या माध्यमातून बैठकीवरील व्यक्तीवर पाडला. पुढे काचेचे छत, सरकते पडदे व पांढरे परावर्तक ही स्टुडिओची नेहमीची सामग्री ठरली.

मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये सुरू झालेल्या छायाचित्रण वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत व्यावसायिक स्टुडिओ चालविला. लाला दीनदयाळ यांनी १८८६ मध्ये सिकंदराबादला व १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडले. त्यांपैकी पहिला ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्यातच आजचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत मोडत होता. हैदराबादेत स्त्रियांसाठी १८९२ मध्ये स्वतंत्र स्टुडिओही निघाला.

भारतात परावर्तकाला विशेष महत्त्व येण्यास रासायनिक कारण होते. कलोडियनच्या काचपट्ट्या प्रामुख्याने निळ्या व जंबुपार प्रकाशालाच प्रतिसाद देत. सावळ्या कांतीवरून परतणारा प्रकाश तांबूस-पिवळसर असल्याने ती प्रत्यक्षाहून काळी उमटे व छायेतील बाजू तपशीलहीन होई. छायाचित्रावर मागाहून रंग चढविल्यास वा चेहऱ्यास पावडर लावल्यास मूळ रूप बदलते. परावर्तकाने मात्र कांती न बदलता चेहऱ्याची ठेवण स्पष्ट करता येते. हेरमान फोगेल याने १८७३ मध्ये रंजकद्रव्याने पट्टीची हिरव्या प्रकाशासाठीची संवेदनशीलता वाढविली. सर्व रंगांना संवेदनशील पट्ट्या १९०६ मध्ये विक्रीस आल्यावर हा दोष ओसरू लागला.

चित्रपटात : दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटाचे दादर येथील चित्रीकरण सूर्यप्रकाशात झाले. अशा चित्रीकरणात सूर्य सरकला की चेहऱ्यावरील छायाही बदलते. त्यामुळे परावर्तकाची जागा व कोन पुनःपुन्हा बदलणे भाग पडते. बाबूराव पेंटर यांनी सिंहगड (१९२३) मध्ये कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. तथापि परावर्तनाचे महत्त्व टिकून राहिले. सत्यजित राय यांच्या अपराजितो (१९५६) मध्ये सुब्रत मित्र यांनी पांढऱ्या कापडावरून प्रकाश परतवून अंगणातील मृदू उजेडाचा आभास निर्माण केला. कागज के फूल (१९५९) मध्ये व्ही. के. मूर्ती यांनी आरशांच्या साहाय्याने स्टुडिओत सूर्यप्रकाशाचा झोत आणला.

आधुनिक व्यवसायात घडी होणाऱ्या चंदेरी, सोनेरी व पांढऱ्या चकत्या तसेच थर्माकोलचे तक्ते प्रचलित आहेत. सोनेरी पृष्ठभागामुळे कांतीस उबदार छटा येते. या साधनास वीज अथवा स्टुडिओ लागत नाही. त्यामुळे बीड जिल्ह्यातील चकलांब्यासारख्या गावीही अंगणातील चुन्याची भिंत, पांढरी चादर किंवा धोतर यांवरून परतलेल्या उन्हात उत्तम व्यक्तिचित्र घेता येते.