हमाम : धुराला लांबची वाट

आपल्याकडे ‘हमाम’ म्हटलं की एक तर साबणाची वडी आठवते, नाहीतर ‘हमाम में सब नंगे’ ही म्हण. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. हा शब्द आला की मी फळ्यावर ह-म-म हा अरबी धातू लिहिते. त्याचा अर्थ तापणं, तापवणं. कुरआनात उकळत्या पाण्याला ‘हमीम’ म्हटलं आहे आणि जिवलग मित्रालाही ‘हमीम’च. म्हणजे या शब्दात ऊब आधी आली, आंघोळ नंतर.

ही ऊब अजून जिवंत पाहायची तर काश्मीरकडे बघावं लागतं. तिथे 21 डिसेंबरला ‘चिल्लाइ कलां’ सुरू होतो. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस, आपल्याला माहीत असलेलाच शब्द, फक्त इथे तो कडाक्याच्या थंडीचा. पाणी नळातच गोठतं. अशा दिवसांत फजरच्या नमाजासाठी वजू कसा करायचा? तिथल्या बहुतेक मशिदींना लागून हमाम असतो. दगडी लाद्यांची बंद खोली, लाद्यांखाली पोकळी आणि भट्टीचं तोंड खोलीच्या बाहेर. लाकडं बाहेरून घालायची. ज्वाळा आणि धूर फरशीखालून फिरत फिरत धुराड्यातून बाहेर पडतात. भट्टीवर बसवलेल्या तांब्याच्या मोठ्या भांड्यात वजूचं पाणी तापतं. आपल्या जुन्या वाड्यांतला तांब्याचा बंब आठवा, मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी. तीच युक्ती, फक्त इथे पाण्याबरोबर खोलीही तापते.

यात दोन गोष्टी साधतात. घरात उघडा जाळ केला की बरीचशी उष्णता धुरासोबत सरळ वर निघून जाते. हमामात धुराला लांबची वाट चालावी लागते आणि वाटेत तो आपली उष्णता दगडाला देऊन जातो. जाड दगड लवकर तापत नाही, तसा लवकर निवतही नाही. जाळ विझल्यावरही फरशी तासन्‌तास ऊब देत राहते. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जळण खोलीतली हवा खात नाही आणि धूर खोलीत येत नाही. अर्थात लाद्यांचे सांधे धड असले तर. सांध्याला भेग पडली की विषारी वायू वर येणार, म्हणून थंडीच्या आधी दर्जा बघून घ्याव्या लागतात.

ही कल्पना मुसलमानांनी शोधली असा दावा मी करणार नाही. विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेल्या तापत्या फरशीचं वर्णन रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात करून ठेवलं आहे. उमय्या काळात, आठव्या शतकात, आजच्या जॉर्डनमध्ये कुसैर अम्रा बांधला गेला. लोक तिथली भिंतीचित्रं पाहायला जातात, पण त्याच्या स्नानगृहाच्या फरशीखाली हीच रोमन रचना आहे. तिथून ती इस्लामी शहरांत पसरली. काश्मीरात हमाम मिर्झा हैदर दुघलातने आणला असं परंपरा सांगते. ‘तारीख-ए-रशीदी’ लिहिणारा हाच. 1540 ते 1551 या काळात काश्मीरची सत्ता त्याच्या हाती होती. पुढे मुघलांनी आपल्या बागा-महालांत हमाम बांधले. आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यात शाही हमाम आहे, दौलताबादेतही आहे. आपण छतावरची नक्षी बघतो, मुमताजचं नाव ऐकतो आणि पुढे जातो. जाळ कुठे पेटायचा हे विचारत नाही. बादशहाची चैन एवढंच त्या इतिहासाचं नाव होऊन बसलं आहे. पण काश्मीरात तीच चैन मोहल्ल्याच्या मशिदीत उतरली आणि ज्याच्या घरी जळण नाही त्यालाही ऊब मिळाली.

लाकडाच्या टंचाईने इतरांनाही याच वाटेवर आणलं. 1744 मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या नव्या शेगडीवर पुस्तिका छापली आणि पेटंट घ्यायला नकार दिला. त्याने धुराला आधी खाली उतरवून मग वर चढवलं होतं, पण जाळ मंदावला की धूर घरातच परतायचा. ती अडचण नंतर इतरांनी दूर केली. स्वीडनमध्ये 1767 साली क्रोनस्टेट आणि व्रेडे या दोघांनी विटांच्या उंच शेगडीत धुराला वरखाली फिरवणारे मार्ग बसवले. थोड्या लाकडात खोली दीर्घकाळ उबदार राहू लागली.

आता कांगडी. वेताच्या विणीत मातीचं भांडं, त्यात निखारे आणि ते फेरनच्या आत, पोटाशी. कांगडीच्या कौतुकाची गाणी खूप आहेत, पण मला तिचं कौतुक करवत नाही. सतत भाजल्याने पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद मिशनरी डॉक्टर एल्म्स्ली यांनी 1866 मध्येच केली होती. वैद्यकाच्या पुस्तकांत तो ‘कांगडी कॅन्सर’ या नावानेच ओळखला जातो. शिवाय बंद खोलीत निखारे ठेवून झोपलं की कार्बन मोनॉक्साइडचा धोका. त्याला ना रंग, ना वास. झोपलेला माणूस उठतच नाही. आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावल्याने गेलेल्या माणसांच्या बातम्या येतात, त्या याच वायूच्या.

आणि मशिदीतला हमाम मुख्यतः पुरुषांचा. फजरनंतर तिथे बसून गप्पा मारण्याची रीत फार छान आहे असं पुष्कळांनी लिहिलं आहे. त्या वेळी घरातली बाई कांगडी फुंकत असते, हे लिहिणारे थोडे.

अलीकडे काश्मीरात नवं घर बांधताना एका खोलीत हमाम बसवून घेणारी कुटुंबं वाढली आहेत. खर्च मोठा असतो, लाकूडही स्वस्त राहिलेलं नाही. पण बर्फाच्या दिवसांत सारं घर त्याच खोलीत येऊन बसतं. तिथेच जेवण, तिथेच मुलांचा अभ्यास, आणि घरातल्या बायकाही त्याच तापलेल्या फरशीवर.