राउंडहँड मुद्राक्षरे
विवाहाच्या निमंत्रणपत्रिका, सन्मानपत्रे, व्यापारी नाममुद्रा इत्यादींसाठी वापरण्यात येणारी, उजवीकडे कललेली व परस्परांस जोडलेली रोमन मुद्राक्षरे. त्यांचे मूळ सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्लिश लेखनगुरूंच्या वळणात आहे. पिसाच्या लेखणीने दाब देऊन खाली ओढलेली रेघ जाड, तर वर नेलेली बारीक उमटे. चार्ल्स स्नेल याचा द पेन-मन्स ट्रेझरी ओपन्ड (१६९४), जॉर्ज बिकम याचा द युनिव्हर्सल पेनमन (१७३३–४१) यांसारखे कित्ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापले जात. कोरणीला लेखणीहूनही बारीक रेघ साधते. तेव्हा या वळणाच्या नाजूकपणाचे श्रेय लेखनगुरूंइतकेच कोरणाऱ्यांनाही द्यावयास हवे.

खिळ्यांच्या छपाईत मात्र हे वळण अडले. खिळा चौकोनी व सुटा. तिरप्या अक्षराचे टोक त्याच्याबाहेर लोंबते आणि दाबाने तुटते. जोडरेघेत किंचित फट पडली, तरी हाताच्या ओघाचा भास नाहीसा होतो. फ्रेंच मुद्रक फीर्मँ दीदो (१७६४–१८३६) याने तिरप्या अंगाचे खिळे ओतून यावर उपाय काढला. पण त्यांची जुळणी किचकट होती. खरी मोकळीक छायाक्षरजुळणीने दिली. तीत अक्षरे प्रकाशाने फिल्मवर उमटवीत असल्यामुळे ती एकमेकांवर चढविता येतात. हे हेरून मॅथ्यू कार्टर याने १९६५ च्या सुमारास लायनोटाइपसाठी स्नेलच्या वळणावरून ‘स्नेल राउंडहँड’ घडविले. संगणकावरही ते रूढ आहे. यातील वेलांटीदार कॅपिटल अक्षरे केवळ आद्याक्षरांसाठी असतात. त्यांनीच सबंध शब्द जुळविल्यास तो वाचणे कठीण होते, तरीही नामफलकांवर असे शब्द वारंवार आढळतात.