लिनक्समधील पॅकेज व्यवस्थापन : अद्ययावत राहण्याचे शास्त्र

युनिक्सच्या परंपरेतील संगणक प्रणालींवर सॉफ्टवेअर बसविणे, अद्ययावत करणे आणि काढून टाकणे ही कामे ‘पॅकेज व्यवस्थापक’ ही आज्ञावली करते. पॅकेज म्हणजे सॉफ्टवेअरच्या सर्व फायली, आवृत्तीचा क्रमांक आणि ते चालण्यासाठी लागणाऱ्या अन्य सॉफ्टवेअरची यादी यांचे एकत्र बांधलेले गाठोडे. ही सोय नव्हती तेव्हा एक घटक बसवावा तर दुसरा नाही, दुसरा आणावा तर तिसरा अडतो, अशी वापरकर्त्याची अवस्था होत असे.

पार्श्वभूमी

इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन प्रकल्पातून ‘डीपीकेजी’ हे साधन पुढे आले. रेड हॅटने १९९५ मध्ये ‘आरपीएम’ आणले. डेबियनच्या १९९९ मधील २.१ या आवृत्तीत ‘ॲप्ट’ दाखल झाले आणि लागणारे सर्व घटक भांडारातून आपोआप आणण्याची सोय झाली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणालीही डेबियनवरच बेतलेली आहे.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण ‘लोहित’ या देवनागरी फाँटचे. रेड हॅटने तो २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला केला. डेबियनमध्ये तो पॅकेजच्या रूपात मिळतो. त्यातील एखाद्या जोडाक्षराची चूक दुरुस्त होऊन नवे पॅकेज भांडारात आले, की नागपुरात जरीपटक्यात बसलेल्या वापरकर्त्यालाही ती दुरुस्ती नेहमीच्या अद्ययावतीकरणात मिळते.

कार्यपद्धती

‘ॲप्ट अपडेट’ या आज्ञेने केवळ भांडारातील यादी ताजी होते. सॉफ्टवेअर बदलत नाही. प्रत्यक्ष बदल ‘ॲप्ट अपग्रेड’ने होतो. अनेक जण पहिल्याच आज्ञेवर थांबतात आणि संगणक जुनाच राहतो. भांडाराच्या यादीवरील डिजिटल स्वाक्षरी तपासली जाते, त्यामुळे वाटेत कोणी फेरफार केल्यास तो पकडला जातो. मात्र नवे कर्नल संगणक पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही. आधीपासून चालू असलेल्या सेवाही पुन्हा सुरू करेपर्यंत जुनाच सदोष भाग वापरत राहतात.

धोके आणि दक्षता

स्वाक्षरी वाटेतील फेरफार ओळखते. उगमस्थानीच विष मिसळले असेल तर ती अपुरी पडते. ‘एक्सझेड’ या सॉफ्टवेअरच्या २०२४ मधील ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत छुपे चोरदार आढळले. दूरस्थ प्रवेशाला अर्ध्या सेकंदाचा जादा विलंब का होतो, याचा शोध घेताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते उघडकीस आणले. सदोष आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखांत पोहोचल्या होत्या. स्थिर शाखा बचावली. महत्त्वाच्या कामासाठी स्थिर शाखा का निवडावी, हे यावरून कळते.

याउलट, मुदत संपलेली प्रणाली वापरत राहणेही तितकेच घातक. ‘सेंटओएस ७’ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली, त्यानंतर प्रकल्पाकडून तिला सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. म्हणून प्रणाली निवडतानाच तिची मुदत पाहावी, बाहेरील अनोळखी भांडारे जोडू नयेत आणि मोठ्या बदलापूर्वी माहितीची प्रत अन्यत्र ठेवावी.