डिझेलमध्ये पाणी की वायरिंगमध्ये दोष?

बुलडाणा : मलकापूर, नांदुरा, खामगाव या मार्गाने जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ (पूर्वीचा क्रमांक ६) आणि मेहकर, सिंदखेडराजा परिसरातून गेलेला समृद्धी महामार्ग यांमुळे जिल्ह्यात मालवाहू वाहनांची वर्दळ अहोरात्र असते. मलकापूरकडून बुलडाण्याला येताना राजूर घाटाची चढण लागते. अशा चढणीवर डिझेलमध्ये पाणी असल्याचा दिवा डॅशबोर्डवर लागला आणि इंजिनाची ताकद घटली, तर चालकापुढे पेच उभा राहतो. दिवा खरा असेल तर गाडी दामटणे महागात पडते. तो खोटा असेल तर टाकी रिकामी करून, फिल्टर बदलूनही बिघाड कायम राहतो. हे दोन्ही प्रकार ओळखण्याचा ठरावीक क्रम आहे. तो पाळल्यास वेळ व खर्च दोन्ही वाचतात.

सेन्सरचे कार्य

पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते फिल्टरच्या तळाशी साचते. तेथेच हा सेन्सर बसविलेला असतो. त्याला सामान्यतः दोन धातूची टोके असतात. डिझेलमधून वीज जवळजवळ वाहत नाही, पाण्यातून मात्र वाहते. पाण्याची पातळी टोकांपर्यंत पोहोचली, की सर्किटमधील विद्युतदाब बदलतो आणि इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, म्हणजेच ईसीयू, दिवा लावतो. काही वाहनांत त्याच वेळी इंजिनाची ताकदही मर्यादित केली जाते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या डिझेल वाहनांत कॉमन रेल प्रणाली सर्रास आढळते. तिच्या पंपाला व इंजेक्टरला डिझेलचेच वंगण मिळते. पाणी शिरल्यास वंगण तुटते, गंज चढतो आणि सुटे भाग निकामी होतात. त्यामुळे दिवा खोटा असल्याचे सिद्ध होईपर्यंत तो खरा मानणेच हिताचे ठरते.

आधी निचरा, मग वायरिंग

इंजिन बंद करून, ते थंड झाल्यावर फिल्टरखालील निचऱ्याची चकती सैल करावी व पारदर्शक बाटलीत थोडे डिझेल काढावे. बाटली काही मिनिटे स्थिर ठेवल्यास पाणी तळाशी वेगळे दिसते. पाणी आढळल्यास स्वच्छ डिझेल येईपर्यंत निचरा करून, चकती घट्ट करून, हातपंपाने इंधनातील हवा काढावी. वारंवार पाणी येत असेल तर टाकी, टाकीचे झाकण व इंधन साठविण्याची पद्धत तपासावी लागते. शेतावर पिंपात साठविलेले डिझेल आणि रात्रभर अर्धवट रिकामी राहणारी टाकी ही पाणी शिरण्याची नेहमीची कारणे आहेत.

बाटलीत पाण्याचा थेंबही नसेल आणि दिवा तरीही विझत नसेल, तरच सर्किटकडे वळावे.

कोडमधील फरक

स्कॅनर जोडल्यावर दिसणारा कोड नीट वाचणे आवश्यक असते. सामान्य कोडपद्धतीत पी २२६९ हा प्रत्यक्ष पाणी असल्याचा इशारा आहे. पी २२६४ ते पी २२६८ हे कोड सेन्सरच्या सर्किटमधील दोष दर्शवितात. त्यांपैकी पी २२६६ म्हणजे विद्युतदाब कमी, पी २२६७ म्हणजे जास्त आणि पी २२६८ म्हणजे अधूनमधून येणारा दोष. बहुसंख्य रचनांत वायर चेसिसला टेकली असता दाब कमी दिसतो, तर वायर तुटली किंवा कपलर निसटला असता तो जास्त दिसतो.

कपलरपासून प्रारंभ

फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचा सेन्सर काढून नव्यास बसविला जातो. त्या वेळी कपलर अर्धवट बसणे, पिन वाकणे किंवा वायर दबली जाणे हे प्रकार घडतात. ट्रॅक्टर वा ट्रक जोरदार फवाऱ्याने धुतल्यास कपलरमध्ये पाणी शिरते व पिनांवर हिरवट गंज चढतो. उंदरांनी वायर कुरतडणे हेही कारण असू शकते. त्यामुळे मल्टिमीटर हाती घेण्यापूर्वी कपलर उघडून डोळ्यांनी पाहावा.

कोड कमी दाबाचा असल्यास चावी बंद करून सेन्सरचा कपलर काढावा व चावी पुन्हा सुरू करावी. कोड जास्त दाबाचा झाला, तर तेथपर्यंतची वायर सुस्थितीत असून संशय सेन्सरवर जातो. कोड बदलला नाही, तर वायर कोठेतरी चेसिसला टेकत असण्याची शक्यता अधिक असते.

त्यानंतर बॅटरीची ऋण वायर सोडून, ईसीयू व सेन्सर या दोन्ही बाजूंचे कपलर काढून वायरचा विद्युतरोध मोजावा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो जवळपास शून्य हवा. वायर व चेसिस यांच्यात मात्र जोड दिसता कामा नये. मोजताना वायर हलवून पाहिल्यास आतून तुटलेली तार उघड होते. चावी सुरू असताना विद्युतरोध मोजू नये.

सेन्सरची परीक्षा

दोन टोकांचा सेन्सर काढून, पुसून, कपलरला जोडावा व चावी सुरू करावी. कोरड्या स्थितीत दिवा विझलेला हवा. टोके नळाच्या पाण्यात बुडविल्यावर काही वेळाने तो लागला पाहिजे. बॅटरीचे शुद्ध पाणी येथे वापरू नये, कारण त्यातून वीज फार कमी वाहते. कपलर व वायरिंग निर्दोष असूनही प्रतिसाद मिळाला नाही, तरच नवा सेन्सर घ्यावा. तीन पिनांच्या सेन्सरमध्ये आत इलेक्ट्रॉनिक रचना असते. त्याची तपासणी उत्पादकाच्या पुस्तिकेनुसारच करावी.

ध्यानात ठेवावे

* चावी सुरू केल्यावर क्षणभर लागून विझणारा दिवा हा अनेक वाहनांत दिव्याची स्वयंचाचणी असतो.
* दिवा त्रास देतो म्हणून सेन्सरची वायर कापू नये. खरे पाणी आल्यास इशारा मिळणार नाही.
* सेन्सर बसविताना रबरी रिंग नवी घालावी. अन्यथा इंधनात हवा शिरते.
* निचरा केलेले डिझेल जमिनीवर ओतू नये व काम करताना जवळ आग ठेवू नये.
* काम झाल्यावर कोड पुसून गाडी चालवावी. तोच कोड परत आल्यास तपासणी अपुरी राहिली, असे समजावे.