माणसाचा अधिवास आणि गाडीचा नंबर : भिलाईतील स्थलांतराचे कागद

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लाख टन क्षमतेच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा हा कारखाना ज्या दुर्ग जिल्ह्यात उभा राहायचा होता तो जिल्हा आणि नागपूर शहर एकाच राज्यात होते. इतकेच नव्हे, तर त्या राज्याची, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रदेशाची, राजधानीच नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तोवर १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले होते, दुर्ग मात्र मध्य प्रदेशातच राहिला होता आणि त्याचा कारभार आता भोपाळहून चालत होता. करार आणि भट्टी यांच्यामधल्या या चार वर्षांत नागपूर, भंडारा किंवा वर्ध्याहून भिलाईला नोकरीसाठी जाणे हे जिल्हा बदलण्याऐवजी राज्य बदलणे ठरले. भिलाईच्या मराठी वस्तीविषयी लिहिताना गणेशोत्सव, मंडळे आणि नाट्यप्रयोग यांचा उल्लेख होतो; ती वस्ती ज्या कागदांच्या आधारावर उभी राहिली त्यांचा सहसा होत नाही. हे कागद दोन प्रकारचे होते, एक माणूस कुठला हे सांगणारे आणि दुसरे त्याची गाडी कुठली हे सांगणारे, आणि गेल्या सत्तर वर्षांत या दोहोंचे मार्ग एकमेकांपासून बरेच दूर गेले आहेत.

छत्तीसगडाशी मराठी माणसाचा संबंध पोलादाहून कितीतरी जुना आहे. नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर १७४१ मध्ये रतनपुरावर चालून गेले, १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहूनच कारभार पाहिला, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ मध्ये जो मध्य प्रांत बनवला गेला त्यात नागपूर आणि छत्तीसगड एकत्रच राहिले. दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १९०६ मध्ये रायपूर व बिलासपूर जिल्ह्यांतून काढण्यात आला. या सुमारे शंभर वर्षांत नागपूरचा कारकून, शिक्षक किंवा वकील बदली होऊन अथवा पोटापाण्यासाठी रायपूर-दुर्गकडे गेला, तर ‘तुम्ही इथले का?’ असा प्रश्न त्याला शेजारी विचारत असतील, सरकार विचारत नव्हते.

हा प्रश्न सरकार विचारत होते ते परदेशी माणसाला. भिलाईच्या उभारणीसाठी आलेले सोव्हिएत अभियंते, दुभाषे आणि त्यांची कुटुंबे यांच्यासाठी कायद्याची चौकट आधीच तयार होती. १९३९ चा परकीय नागरिक नोंदणी कायदा आणि १९४६ चा परकीय नागरिक कायदा हे दोन्ही इंग्रजी अमदानीतले असून स्वतंत्र भारताने ते जसेच्या तसे चालू ठेवले होते. मुंबई-कलकत्त्यासारख्या महानगरांबाहेर ही नोंदणी करणारा अधिकारी म्हणजे जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक. विश्रामगृह किंवा हॉटेल चालवणाऱ्याने मुक्कामी परदेशी पाहुण्याची माहिती त्याच अधिकाऱ्याला कळवायची, त्यासाठीचा छापील नमुना ‘सी फॉर्म’ या नावाने ओळखला जाई. ही व्यवस्था संशयी स्वभावाची होती यात शंका नाही, पण तिचा एक गुण मान्य करावा लागतो : प्रश्न एक, अधिकारी एक आणि मुदत संपली की मुक्कामही संपलेला. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या आप्रवास व परकीय नागरिक कायद्याने हे जुने कायदे रद्द केले. नोंदणीचे तत्त्व मात्र कायम राहिले.

देशातल्याच माणसाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. ‘अधिवास’ ही कायद्याची संज्ञा असून एखाद्या ठिकाणी कायमचे राहण्याच्या इराद्याने केलेले वास्तव्य असा तिचा अर्थ होतो. राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदात अधिवासाचा उल्लेख भारताच्या राज्यक्षेत्राच्या संदर्भात आहे, राज्याच्या नव्हे. आणि १९८४ च्या डॉ. प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय नागरिकाला एकच अधिवास असतो, तो भारताचा, असे स्पष्ट सांगून राज्याच्या संदर्भात हा शब्द वापरण्याबद्दल नापसंती दर्शवली. तरीही राज्ये तो वापरत राहिली, कारण १९५५ मध्येच याच न्यायालयाने इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारताबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेण्याचा नियम वैध ठरवला होता, आणि त्या निकालात वास्तव्याच्या आधारे भेद करणे म्हणजे जन्मस्थानाच्या आधारे भेद करणे नव्हे असा बारीक फरक केला होता. महाराष्ट्रात या कागदाला ‘अधिवास प्रमाणपत्र’ म्हणतात. छत्तीसगडात त्याचेच नाव ‘मूल निवासी प्रमाण पत्र’ आहे. मराठीत ‘मूलनिवासी’ या शब्दाला चळवळीतून आलेला वेगळाच अर्थ आहे, त्यामुळे भिलाईत जन्मलेल्या नागपुरी कुटुंबातील मुलाच्या हातात हा कागद पाहून महाराष्ट्रातले नातेवाईक बुचकळ्यात पडले तर नवल नाही. पण छत्तीसगडच्या तहसील कार्यालयात त्याचा अर्थ जन्म, वास्तव्याची वर्षे, राज्यातले शालेय शिक्षण किंवा आईवडिलांची नोकरी यांवरून सिद्ध होणारा रहिवास एवढाच आहे.

कारखान्यातील कुटुंबांची अडचण अशी की त्यांचा पत्ता त्यांचा स्वतःचा नव्हता. १९५७ मध्ये भिलाई हिंदुस्थान स्टील या सरकारी कंपनीकडे आणि १९७३ मध्ये स्थापन झालेल्या स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाकडे, म्हणजे ‘सेल’कडे, गेली, नोकरी केंद्र सरकारच्या उपक्रमाची, घर सेक्टरमधले कंपनीचे क्वार्टर, आणि निवृत्तीनंतर ते रिकामे करायचे. तीस-पस्तीस वर्षे एकाच सेक्टरमध्ये काढलेल्या माणसाच्या नावावर दुर्ग जिल्ह्यात एक गुंठाही जमीन नसणे आणि गावाकडच्या सातबाऱ्यावर मात्र वडिलांचे नाव असणे, ही भिलाईतील सर्वसाधारण स्थिती होती. दुसऱ्या बाजूने पाहिले तर ज्या छत्तीसगडी शेतकऱ्यांच्या जमिनी कारखान्यासाठी गेल्या, त्यांना नोकरी आणि प्रवेश यांत स्थानिक म्हणून अग्रक्रम मिळावा ही मागणी रास्तच होती. रहिवासाचा कागद कडक झाला तो त्या दबावामुळे, आणि त्याबद्दल केवळ नोकरशाहीला दोष देणे अन्यायाचे होईल.

खरी गाठ जातीच्या दाखल्यात पडली. अनुसूचित जातींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा आणि अनुसूचित जमातींचा ६ सप्टेंबर १९५० चा असून या दोन्ही याद्या राज्यवार आहेत. म्हणून दाखला मागणाऱ्याने आपले पूर्वज त्या तारखेला त्या राज्यात राहत होते हे दाखवावे लागते. इतर मागासवर्गीयांसाठी छत्तीसगडात हीच तारीख २६ डिसेंबर १९८४ मानली जाते. पुराव्यासाठी जुना महसुली कागद लागतो, ज्याला तिकडे ‘मिसल’ म्हणतात, आणि १९५६ नंतर भिलाईला आलेल्यांची मिसल असणार ती भंडारा, नागपूर किंवा चंद्रपूरच्या अभिलेखागारात. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सार्वजनिक क्षेत्रातील खत कारखान्यात नोकरीसाठी आंध्रातून मुंबईला आलेल्या पित्याच्या मुलाबाबत निर्णय देताना, एका राज्यातील अनुसूचित जमातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत नेता येत नाही असे ठरवले. सार्वजनिक उपक्रमांच्या सर्वच वसाहतींना हा निकाल लागू पडत होता, आणि भिलाई ही त्यांतली मोठी वसाहत.

मात्र येथे एक ऐतिहासिक विसंगती आहे. १९५० मध्ये भंडारा आणि दुर्ग हे एकाच मध्य प्रदेशाचे जिल्हे होते. त्या साली भंडाऱ्यात राहणारा आजोबा आजच्या भाषेत परराज्यातला असला तरी तेव्हाच्या नकाशावर तो त्याच राज्याचा रहिवासी होता. छिंदवाडा भागातून महाराष्ट्रात आलेल्या हलबा-हलबी जमातीच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात पुढे सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा विचारात घेतला : पूर्वी एकाच प्रांतात असलेले दोन प्रदेश पुनर्रचनेमुळे दोन राज्यांत विभागले गेले असतील आणि जमात दोन्हीकडे मान्यताप्राप्त असेल, तर त्या व्यक्तीकडे सामान्य स्थलांतरिताप्रमाणे पाहता येईल का, हा प्रश्न वेगळा आहे, असे न्यायालयाने म्हटले. सीमा माणसाने ओलांडली की सीमेने माणसाला, हा भेद कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे याची ती उशिरा झालेली कबुली होती. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि भिलाईकरांवरून दुसऱ्यांदा सीमा सरकली. या वेळी नागपूरचे अंतर तेवढेच राहिले, भोपाळ मात्र परराज्य झाले.

गाडीच्या बाबतीत कायद्याने सुरुवातीपासूनच सरळ वाट धरली. १९१४ च्या पहिल्या अखिल भारतीय मोटार कायद्यानंतर आलेल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात, एका प्रांतात नोंदलेले वाहन दुसऱ्या प्रांतात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले तर त्याला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा, अशी तरतूद होती, आणि १९८८ च्या कायद्यातील ४७ व्या कलमाने ती तशीच पुढे चालवली. माणसाच्या रहिवासासाठी इरादा, जन्म, शाळा असे अनेक निकष लागत असताना गाडीसाठी एकच निकष पुरला : ती कुठे उभी असते. परदेशातून तात्पुरती मोटार आणणाऱ्यासाठी ‘कार्ने’ नावाची पुस्तिका असते, जिच्या जोरावर मोटारमालकांची संघटना हमी राहते आणि ठरलेल्या मुदतीत गाडी परत न्यायची असल्याने सीमाशुल्क लागत नाही. राज्याराज्यांमधली ही बारा महिन्यांची सवलत म्हणजे त्याच कल्पनेचे घरगुती रूप म्हणता येईल.

भिलाईत ‘गाडी’ म्हणजे अनेक वर्षे स्कूटरच होती. नागपूरहून बदलून आलेली किंवा निवृत्तीनंतर परत निघालेली स्कूटर बहुधा रेल्वेच्या पार्सलने जात असे. टाकीतले पेट्रोल काढून टाकायचे, गोणपाटात गुंडाळायचे, आरसी बुकाची, म्हणजे नोंदणी पुस्तिकेची, प्रत जोडायची आणि ब्रेकव्हानमध्ये जागा मिळेल त्या दिवसाची वाट पाहायची. मोटार असेल तर ती राजनांदगाव, बाघनदी, देवरी, साकोली या रस्त्याने चालवत नेता येई. खरे काम पुढे असे. मूळ राज्याच्या परिवहन कार्यालयातून ना हरकत प्रमाणपत्र, ज्याला सगळेच एनओसी म्हणतात, ते आणायचे. त्यासाठी चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा द्यायचा. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर बँकेची संमती आणि गाडी चोरीची नसल्याची पोलिसांची खातरजमा जोडायची. वाहनकर हा घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ५७ व्या नोंदीखाली येतो, म्हणून महाराष्ट्रात तो १९५८ च्या मुंबई मोटार वाहन कर कायद्याने घेतला जातो आणि छत्तीसगडात १९९१ च्या, मध्य प्रदेशाकडून वारशाने आलेल्या, मोटरयान कराधान अधिनियमाने. एकरकमी आजीवन कर भरलेल्या मालकाला नव्या राज्यात पुन्हा कर भरून मग जुन्या राज्याकडे उरलेल्या वर्षांचा परतावा मागावा लागतो. भरणे आधी आणि परतावा नंतर, हा क्रम ज्याने ठरवला त्याने स्थलांतरित माणसाच्या खिशाचा विचार केला नव्हता.

१९८९ पासून देशभर लागू झालेल्या नव्या पद्धतीत दोन अक्षरे राज्याची आणि दोन अंक कार्यालयाचे झाले, आणि गाडीचा मालक कुठला हे वाटेवरच्या कोणालाही कळू लागले. भंडाऱ्याचा क्रमांक एमएच ३६, नागपूरचा एमएच ३१ व पुढे एमएच ४० आणि ४९. दुर्ग आधी एमपीमध्ये आणि २००० नंतर सीजी ०७. ‘एमएच पासिंगची गाडी’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून भिलाईत ओळखीचा झाला, आणि नेहरूनगर किंवा स्मृतीनगरमध्ये घर बांधलेल्या मराठी कुटुंबाने कायमचे राहायचे ठरवले की नाही, हे अंगणातल्या गाडीच्या नंबरवरून ओळखता येऊ लागले.

२६ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने ‘बीएच’ म्हणजे भारत मालिका आणली, जी १५ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. संरक्षण दले, केंद्र व राज्य सरकारांचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना हा क्रमांक घेता येतो; कर पंधरा वर्षांऐवजी दोन-दोन वर्षांचा भरायचा, दहा लाखांपर्यंतच्या गाडीला किमतीच्या आठ टक्के, वीस लाखांपर्यंत दहा आणि त्यापुढे बारा टक्के या दराने, आणि राज्य बदलले तरी नंबर बदलायचा नाही. ‘सेल’ हा सार्वजनिक उपक्रम असल्याने भिलाईचे कर्मचारी या सवलतीस पात्र आहेत. माणसाच्या कागदांबाबत न्यायालये त्याच दिशेने पावले टाकत आहेत, २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांतील रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले; परंतु पदवी अभ्यासक्रमांच्या राज्य कोट्याला आणि जातीच्या दाखल्यांना तो निकाल लागू नाही. आज भिलाईतील कर्मचाऱ्याची मोटार बीएच नंबर घेऊन नवी नोंदणी न करता नागपुरात कितीही वर्षे राहू शकते. त्याच्या मुलीला रहिवासाच्या दाखल्यासाठी दोनपैकी एका राज्याच्या तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो.