संगीतोपचार : परिचर्येतील मूल्यमापन साधने

रुग्णाला कोणते संगीत, केव्हा आणि किती वेळ ऐकवावे हे ठरवण्यासाठी व त्याचा परिणाम नोंदवण्यासाठी वापरायच्या प्रश्नावल्या, मापपट्ट्या व निरीक्षण-तक्ते. वाद्यांचे सूर रुग्णाला सुखावतात किंवा त्रास देतात, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये (१८५९) नोंदवले होते, मोजमापाची साधने बरीच नंतर आली.

आवडनिवड जाणून घेणारी साधने सर्वांत उपयोगी. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी अमेरिकेतील परिचर्या-संशोधक लिंडा गर्डनर यांनी केलेल्या प्रश्नावलीत आजारापूर्वी संगीताला आयुष्यात किती जागा होती, वाद्य वाजवता येई का, आवडती गाणी व गायक कोणते, असे प्रश्न आहेत. रुग्णाला सांगता येत नसेल, तर तेच घरच्यांना विचारतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ३९ रुग्णांच्या अभ्यासात वैयक्तिक आवडीच्या संगीताने अस्वस्थता जेवढी कमी झाली, तेवढी ‘शांतवणाऱ्या’ तयार अभिजात संगीताने झाली नाही. अस्वस्थता मोजण्यासाठी कोहेन-मॅन्सफील्ड सूची वापरतात. येरझाऱ्या, ओरडणे, तोच तो प्रश्न विचारणे अशी २९ वर्तने तीत आहेत. प्रत्येक किती वेळा घडले, त्यानुसार १ ते ७ गुण.

व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या घशात नळी असते, त्यामुळे बोलणे खुंटते. अशांसाठी लिंडा च्लान व ॲनी हायडरशाइट यांनी २००९ मध्ये आवडनिवडीचे वेगळे साधन मांडले. चिंता मोजायला १०० मिलिमीटरची रेघ पुरते : एका टोकाला ‘अजिबात चिंता नाही’, दुसऱ्या टोकाला ‘कमालीची चिंता’, रुग्णाने फक्त जागा दाखवायची. च्लान यांच्या २०१३ च्या ३७३ रुग्णांच्या चाचणीत, हवे तेव्हा आवडीचे संगीत ऐकणाऱ्यांचा या रेघेवरील चिंतांक नेहमीच्या शुश्रूषेतील रुग्णांपेक्षा सरासरी १९.५ने कमी भरला. नाडी व रक्तदाबही नोंदवतात, पण त्यांवर औषधांचा परिणाम होत असल्याने केवळ त्यांवरून निष्कर्ष काढू नये.

मेंदूला इजा होऊन जाणीव हरपलेल्यांसाठी वेंडी मॅगी यांच्या पुढाकाराने तयार झालेले, जाणिवेची पातळी अजमावणारे ‘मॅटाडॉक’ हे साधन आहे. ते वापरणे हे प्रशिक्षित संगीतोपचारकाचे काम. वॉर्डातील परिचारिकेवर सोपवू नये.

मराठी रुग्णांसाठी या प्रश्नावल्या नुसत्या भाषांतरित करून भागणार नाही. कंट्री, बिग बँड या अमेरिकी संगीतप्रकारांच्या जागी भजन, नाट्यगीत, लावणी, कव्वाली, जुनी चित्रपटगीते अशी यादी नव्याने करावी लागेल, आणि तीत ‘काहीच नको’ हाही पर्याय हवा.