घरातला कुत्रा गेला की आठवण कशी जपायची? खंड्या, वाघ्या आणि जंजीरची गोष्ट

स्वारगेट, मुकुंदनगर, गुलटेकडी, पर्वती पायथा. पुण्याच्या या भागात अंगण असलेली घरं आता फार थोडी उरली आहेत, पण कुत्री पाळणारी घरं मात्र भरपूर. कुत्र्याचं आयुष्य साधारण दहा ते तेरा वर्षांचं. त्यामुळे अशा प्रत्येक घरावर तो दिवस कधी ना कधी येतोच. मग प्रश्न पडतो, त्याला न्यायचं कुठे? आणि स्टेटसला फोटो ठेवला की कुणीतरी म्हणतंच, "एवढं काय? कुत्रंच तर होतं. दुसरं आणा."

हे ऐकलं की वाटतं, कुत्र्याची आठवण ठेवणं हे शहरी लोकांचं नवं फॅड असावं. पण तसं नाही. त्याचा पुरावा बघायचा असेल तर स्वारगेटहून साताऱ्याची एसटी पकडायची. अंतर साधारण ११० किलोमीटर.

छत्रपतींचा लाडका खंड्या

साताऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा संगम आहे. तिथल्या संगम माहुली गावात छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे. हे शाहू म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी नव्हेत, तर छत्रपती संभाजी महाराजांचे पुत्र थोरले शाहू. त्यांचं निधन १७४९ साली झालं. इथेच त्यांच्या लाडक्या कुत्र्याचंही स्मारक आहे. त्याचं नाव खंड्या.

शिकारीच्या वेळी वाघ अंगावर येत असताना खंड्या भुंकला आणि महाराज सावध झाले, अशी कथा सांगितली जाते. या उपकाराबद्दल महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला, असंही म्हणतात. यातला कथेचा भाग किती आणि इतिहास किती, हा वेगळा विषय. पण मराठी राज्याच्या राजधानीजवळ, छत्रपतींच्या समाधीच्या परिसरात एका कुत्र्यासाठी दगड घडवला गेला, ही गोष्ट डोळ्यांनी बघता येते.

वाघ्याचा वाद काय आहे?

कुत्र्याचं स्मारक म्हटलं की बहुतेकांना आधी आठवतो तो रायगडावरचा वाघ्या. शिवाजी महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली, अशी कथा अनेक पिढ्यांनी ऐकली आहे. महाराजांच्या समाधीजवळचं त्याचं स्मारक मात्र १९३६ सालचं. त्यासाठी इंदूरच्या होळकरांनी मदत केली होती.

या कथेला शिवकालीन कागदपत्रांचा आधार नाही, असा आक्षेप घेतला जातो. ऑगस्ट २०१२ मध्ये काही कार्यकर्त्यांनी पुतळा काढून टाकला होता, तो पुन्हा बसवण्यात आला. मार्च २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपती यांनी स्मारक हटवण्याची मागणी केली आणि वाद पुन्हा पेटला.

वाद आहे तो पुराव्याचा आणि जागेचा. कुत्र्याची आठवण ठेवावी की नाही, हा त्यातला मुद्दाच नाही.

पुण्यात शिकलेला जंजीर

तिसरं नाव पूर्णपणे नोंदींतलं. जंजीर हा मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला लॅब्राडोर. त्याचं प्रशिक्षण पुण्यात, सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात झालं. डिसेंबर १९९२ मध्ये तो पथकात दाखल झाला आणि अडीच महिन्यांत, १२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले.

त्यानंतरच्या तपासात त्याच्या नाकाने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ काडतुसं शोधून दिल्याची नोंद आहे. हाडांच्या कर्करोगाने १६ नोव्हेंबर २००० रोजी तो गेला. पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला. फुलांनी झाकलेल्या जंजीरला मानवंदना देणाऱ्या अधिकाऱ्याचा फोटो दरवर्षी मार्चमध्ये सोशल मीडियावर फिरतो. त्या फोटोखाली "कुत्रंच तर होतं" असं कुणी लिहीत नाही.

ही परंपरा किती जुनी?

खंड्याच्याही आठशे वर्षं आधीचा एक दगड आहे. कर्नाटकातल्या आतकूरचा हा शिलालेख इसवी सन ९४९-५० चा, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला. रानडुकराशी झुंजताना मेलेल्या 'काळी' नावाच्या कुत्र्याची नोंद त्यात आहे. महाभारतात तर सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिर नकार देतो. दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री आपण लहानपणापासून तसबिरीत बघत आलोच आहोत.

मग दुःख लपवावंसं का वाटतं?

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये एक कल्पना मांडली. काही दुःखांना समाज दुःख मानतच नाही. त्यासाठी सुतक नसतं, रजा नसते, भेटायला कुणी येत नाही. माणूस मग आतल्या आत कुढतो आणि ते दुःख जास्त रेंगाळतं. पाळीव प्राण्याचा मृत्यू हे त्याचं अगदी नेहमीचं उदाहरण.

शिवाय कुत्र्यासोबत घराचं वेळापत्रकच जातं. सकाळचं फिरणं, दारावरचं भुंकणं, पोळीचा शेवटचा तुकडा. आणि इंजेक्शन देऊन शांत मरण द्यायचा निर्णय घ्यावा लागला असेल, तर अपराधीपणाही छळतो. अशा वेळी ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांशी एकदा मोकळेपणाने बोलावं. तेव्हा दुसरा पर्याय होता का, हे तेच नीट सांगू शकतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करावं?

• सगळ्यात आधी डॉक्टरांना फोन. जवळ दहनाची सोय कुठे आहे, हे त्यांना बहुधा माहीत असतं. नाहीतर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विचारावं.

• मृतदेह सुती चादरीत गुंडाळून थंड जागी ठेवावा आणि शक्यतो त्याच दिवशी निरोप द्यावा.

• रेबीजचा संशय असेल तर उघड्या हाताने स्पर्श करू नये. चावा, ओरखडा किंवा लाळेशी संपर्क आलेल्या प्रत्येकाने लगेच डॉक्टरांना दाखवावं.

• मृतदेह नदीत किंवा कालव्यात सोडू नये. सोसायटीच्या बागेत परवानगीशिवाय पुरू नये. गावाकडे स्वतःच्या जमिनीत पुरायचं असेल तर विहिरीपासून लांब, निदान तीन फूट खोल खड्डा हवा. इंजेक्शन दिलं असेल तर ही काळजी जास्तच घ्यावी, कारण ते औषध शरीरात उरतं आणि मृतदेह उकरणाऱ्या प्राण्यांना विषबाधा होऊ शकते.

• राखेत थेट रोप लावलं तर ते जळतं. मूठभर राख भरपूर मातीत मिसळावी.

आठवण कुठे ठेवायची?

समाधी बांधायला जागा नसली तरी चालतं. निरोप देण्याआधी शाईने पंजाचा ठसा कागदावर घेता येतो. पट्टा आणि नावाचा बिल्ला जपून ठेवता येतो. फोनमधले व्हिडिओ, विशेषतः त्याच्या भुंकण्याचा आवाज असलेले, दुसरीकडेही साठवून ठेवावेत. फोन बिघडला की तेही जातात. उरलेलं बंद पाकिटातलं खाणं, अंथरूण एखाद्या प्राणी निवाऱ्याला देता येतं.

लहान मुलांना "तो झोपला" किंवा "गावाला गेला" असं सांगू नये. मुलं झोपेला घाबरतात किंवा वाट बघत राहतात. "तो मेला, आता परत येणार नाही, पण आपण त्याच्याबद्दल बोलू शकतो" हे साध्या शब्दांत सांगावं. घरात दुसरा कुत्रा असेल तर तोही शोधत फिरतो, कमी खातो. त्याच्या जेवणाच्या आणि फिरायच्या वेळा बदलू नयेत.

नवीन पिल्लू कधी आणायचं, याला ठरलेली मुदत नाही. घरातल्या सगळ्यांची तयारी झाली की आणावं. तोवर ओळखीतल्या कुणाचा कुत्रा गेला, तर "दुसरा आणा" म्हणण्याऐवजी त्याचं नाव काय होतं आणि तो काय काय करायचा, एवढं विचारलं तरी पुरतं.